बिलाच्या खालची ओळ

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवतो. माय म्हणते, तू जन्मलास तोच कपाळावर आठ्या घेऊन. पण आता जे सांगून राह्यलो त्यात राग यायले कारण होतं. ते कारण म्हणजे हॉटेलाच्या बिलाखाली छापायची एक ओळ. त्या ओळीत माह्या मायचं नाव राहीन का नाही, एवढाच सवाल होता. त्यापायी आमची नऊ वर्षांची भागीदारी उसवली.

मी स्वप्निल डोंगरदिवे. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याले लागलं की वलगावच्या पुढं उजव्या हाताले आमचं हॉटेल आहे, 'अंगतपंगत'. आमचं म्हणजे माहं अन् गोपाल लुंगेचं, अर्धं-अर्धं. जागा गोपालच्या वावरातली, सैपाक माह्या मायचा. मायचं नाव मनकर्णा. कॉलेजात होतो तवा गोपाल माह्या खोलीवर यायचा अन् मायनं गावाहून पाठवलेला डबा माह्या आधी उघडायचा. तवापासून तो तिले काकू म्हणते. मित्राच्या मायले सगळेच काकू म्हणतात, त्यात काय मोठं. पण मायले त्याचं फार होतं. त्यानं 'काकू' म्हणून हाक मारली की ती हातातलं काम ठेवून पाहायची. माह्या हाकेले तिनं कधी तवा खाली उतरवला नाही.

आमच्याकडे लोक येतात ते रोडग्यांसाठी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तूप ओतायचं, संगं वांग्याची भाजी अन् वरण. भाजाले घंटाभर लागते, म्हणून लोक परतवाड्याहून निघतानाच फोन करतात. 'निघालो' एवढंच म्हणतात. मंग माय रोडगे निखाऱ्यात टाकते अन् गाडी दारात लागेपर्यंत ताट तयार होते. कोण निघालं, किती माणसं, कोणाले तिखट चालत नाही, हे सगळं मायच्या डोक्यात. वही फक्त माह्या समाधानासाठी होती.

दर शुक्रवारी माय गोपालच्या घरी डबा पाठवते, त्याच्या आईसाठी. गोपालची आई नऊ वर्षांत एकदाही हॉटेलात जेवाले आली नाही. गुडघे दुखतात म्हणे. डबा मात्र घासूनपुसून वापस येते. "आईले लय आवडलं, काकू," गोपाल सांगते. मंग माय पुढच्या शुक्रवारी दोन रोडगे जास्त टाकते.

यंदा अकोल्याले दुसरं हॉटेल टाकायचं ठरलं. एक हॉटेल ओरडण्यावर चालते, दोन चालत नाहीत, हे माहं म्हणणं. म्हणून ऑर्डर अन् बिलाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. गोपालले त्यातलं काही समजत नाही, मले अर्धं समजते, म्हणून निवडायचं काम माह्या गळ्यात पडलं.

पहिले पुण्याच्या कंपनीवाल्यानं मोबाइलवर दाखवलं. एका वाक्यात तीनदा सर. मी इचारलं, नेट गेलं तं? म्हणे, नेट जात नाही सर. मी म्हणलं, बाबू, इथं वारा सुटला की लाइन जाते, नेटचं काय घेऊन बसला. तो म्हणे, ते तुमच्या बाजूनं पाहावं लागेल सर. त्याचा भाव ऐकून तं मी फोनच उलटा ठेवून दिला. दुसरं नागपूरचं. दिसाले बरं होतं. पण एका गाडीतून बावीस माणसं उतरली, चार टेबलांवर बसली अन् बिल एकच मागितलं, तिथं ते अडकलं. पडद्यावर चक्र फिरत राह्यलं. माणसं बडीशेप खाऊन गाडीत जाऊन बसली तरी फिरतच होतं.

तिसरा शुभम. अकोल्याचा पोरगा, चार जणांची कंपनी, स्वतःच विकते अन् स्वतःच बसवून देते. यानं आल्याबरोबर लॅपटॉप उघडला नाही. दिवसभर मायच्या सैपाकखोलीत स्टूल टाकून बसला. संध्याकाळी म्हणे, "दादा, तुमच्या हॉटेलात ऑर्डर टेबलावरून सुरूच होत नाही. परतवाड्याहून सुरू होते." अन् चार दिवसांनी त्यानं पडद्यावर एक बटन आणलं, 'निघाले'. फोन आला की दाबायचं. मायच्या चष्म्यावर वाफ धरते, तिले चिठ्ठी वाचता येत नाही, हेही त्यानं पाह्यलं होतं. म्हणून त्यानं सैपाकखोलीत एक डबडा बसवला, तो ऑर्डर बोलून दाखवते. 'खुशालराव, परतवाडा, चार ताटं, निघाले.' माय पहिल्या दिवशी त्याले "हो बाप्पा" म्हणाली. नंतरही म्हणायचीच.

तर, ती ओळ. शुभमच्या बिलाखाली एक जागा होती, 'आजचा सैपाक' असं लिहिलेली. तो म्हणे, "नाव टाका. लोकाइले बरं वाटते, कोणाच्या हातचं खाल्लं ते कळते." मी टाकलं, मनकर्णा डोंगरदिवे. मले त्यात दुसरं काही सुचलंच नाही. जे नाव आहे तेच टाकलं.

पहिलं बिल निघालं तवा मायनं हात पदराले पुसले अन् बोट ठेवत ठेवत स्वतः वाचलं. ती चौथी शिकलेली. तिचं नाव याआधी छापून आलं ते मतदार यादीत अन् बचत गटाच्या कागदावर, अन् ते दोन्ही कोणी वाचत नाही. ती म्हणे, "हे जो जेवन तो घरी नेईन का?" मी म्हणलं, नेईन. तिनं एक बिल मागून घेतलं अन् चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलं. रविवारी बचत गटाच्या सगळ्या बायाइले दाखवून आली. साठीत आली माय, पण त्या दिवशी शाळेतल्या पोरीसारखी रिक्षातून उतरली ते पाहून मलेच हसू आलं. आठ दिवस शुभमचं मशीन परीक्षेले होतं अन् आठही दिवस हॉटेल लोण्यासारखं चाललं. एक ताट चुकलं नाही. मी मनात सौदा करून टाकला होता.

नवव्या दिवशी सकाळी गोपाल आला. शुभम कागदपत्रं घेऊन गल्ल्याजवळ बसलाच होता. गोपाल उभ्याउभ्याच म्हणे, "पुण्याचंच घेऊ."

मले वाटलं मस्करी करून राह्यला. मी म्हणलं, "काहून?"

"मोठी कंपनी हाय."

"मोठ्या कंपनीले आपले रोडगे समजत नाहीत."

"सर्व्हिस चांगली राहीन."

"पुण्याहून येईन तो? हा अकोल्याहून घंट्या-दोन घंट्यात येते."

"दिसाले ते भारी हाय."

"गोपाल, तूच त्या माणसाले सर सर म्हणते म्हणून नावं ठेवत होता. मंग आता काय झालं?"

तो माह्याकडे पाहात नव्हता. टेबलावरची बडीशेपची वाटी सरकवून राह्यला होता. नऊ वर्षं ज्या माणसासंगं बसतो-उठतो त्याचं खोटं कळाले वेळ लागत नाही. माहं डोक्स तापाले लागलं.

बिचारा शुभम. त्याले वाटलं मशीनमध्येच काही खोट आहे. तो म्हणे, "भाऊ, काय खटकलं ते सांगा नं. सगळं बदलता येते. रंग बदलतो, अक्षर मोठं करतो. खालची ओळ नको असन तं काढतो. नाहीतर नुसतं नाव ठेवता येते, आडनाव काढून."

गोपालची मान एका झटक्यात वर आली. "हो, तसं कर. आडनाव काहाले पायजे? तसं होत असन तं हेच मशीन घेऊ."

मोठी कंपनी गेली, सर्व्हिस गेली, भारी दिसणं गेलं. आडनाव निघालं की सगळं जमत होतं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून त्याच्यापुढं उभा राह्यलो अन् म्हणलं, "आडनावानं काय केलं तुहं?"

"तसं नाही, स्वप्निल."

"कसं मंग?"

मंग तो बोलला. परतवाड्याचे खुशालराव, लाकडाचे व्यापारी, त्याइच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आपल्याकडे ठरून राह्यलं होतं, तीनशे माणसांचं. ते मागच्या सोमवारी जेवून गेले अन् बिल खिशात घालून नेलं. घरी गेल्यावर वाचलं. गोपालले फोन केला अन् इचारलं, तुमी तं म्हणत होते सैपाक तुमच्या काकूचा आहे, मंग हे डोंगरदिवे कोण?

"तू त्याइले सांगतलं होतं का माय तुही काकू हाय म्हणून?"

"मी खोटं बोललो नाही. मी काकूच म्हणतो तिले. तुह्यासमोर म्हणतो. आता लोक समजले का माह्या बापाच्या भावाची बायको, तं त्याले मी काय करू?"

"तुले माहीत होतं लोक तसं समजतात?"

गोपालनं मान हलवली.

"किती वर्षांपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणे. "स्वप्निल, हॉटेल चालवायचं होतं रे. आपल्या दोघाइचं होतं. मी कोणाले काही सांगाले गेलो नाही. कोणी 'लुंगे घरची चव हाय' म्हणलं तं मी हो म्हणलं."

राग नुसता त्याचाच आला असता तं सोपं होतं. पण तो बोलला अन् मले आठवलं, मीही ऐकलं होतं. गल्ल्यावर बसून दहा वेळा ऐकलं होतं, 'लुंगेच्या काकूच्या हाताले काय चव आहे'. मी सुट्टे मोजत राह्यलो. मले वाटायचं, प्रेमानं म्हणतात. खरं सांगू का, मले तसं वाटून घ्यायचं होतं. नऊ वर्षं मूग गिळून बसलेला मी अन् आता त्याच्या अंगावर धावून जाऊन राह्यलो. म्हणून अजूनच जोरात धावलो. त्याची कॉलर धरली. शुभम मधात आला.

तेवढ्यात सैपाकखोलीच्या खिडकीतून मायचा आवाज आला. ताटं सरकवायची ती खिडकी गल्ल्यापासून चार हातांवर आहे, अन् ती सकाळपासून उघडीच होती. माय म्हणे, "स्वप्निल, सोड त्याले. खुशालराव निघाले म्हणून डबडा बोलून राह्यला. रोडगे टाकले मी."

तिनं काय ऐकलं अन् किती ऐकलं, तिच्या आवाजावरून काही समजलं नाही. मी कॉलर सोडली. आमच्या भांडणात फोन वाढप्या पोरानं घेऊन बटन दाबलं होतं. खुशालराव साक्षगंधाचं जेवण पक्कं कराले येऊन राह्यले होते, हे गोपालनं मले सांगतलंही नव्हतं. तो कॉलर नीट करून मशीनपुढं बसला अन् त्यानं स्वतःच्या हातानं ती ओळ बदलली. मी पाह्यलं. त्यानं नुसतं आडनाव काढलं नव्हतं. त्यानं टाइप केलं, 'मनकर्णाकाकू'.

घंट्याभरानं खुशालराव आले. संगं भाऊ अन् दोन साळे. माणूस बोलाले गोड, उगाच खोटं कशाले सांगू. सहा नंबरच्या टेबलावर बसले. रोडगे फोडले, तूप ओतलं, भाजी दोनदा मागितली. तिसरा रोडगा फोडता फोडता गोपालले म्हणे, "अहो, काकूले बोलवा नं बाहेर. एवढं खाऊ घालून राह्यल्या, दर्शन तं होऊ द्या."

गोपाल म्हणे, "काकू कामात हाय."

पण माय निघालीच होती. हाताले कणीक, पदर खोचलेला. टेबलाजवळ येऊन उभी राह्यली. खुशालरावांनी नमस्कार केला अन् हसत हसत इचारलं, "काकू, तुमचं माहेर कोणतं म्हणायचं?"

आमच्याकडे हा सवाल कशासाठी इचारतात ते लहान पोरालेही समजते. गावाचं नाव सांगतलं की पुढचा सवाल गावात कोणत्या बाजूले, अन् तो झाला की पुढचं इचारावंच लागत नाही. मी गल्ल्यावरून उठलो. माह्या हातात काय होतं ते मले आठवत नाही, पण ते मी फेकून मारलं असतं.

मायनं माह्याकडे पाह्यलं नाही. ती सरळ म्हणे, "माहेर मूर्तिजापूरकडचं, भाऊ. गावात शिरलं की बुद्धविहार कोणालेही इचारा. त्याच्या मागून तिसरं घर माह्या भावाचं. अन् आडनाव डोंगरदिवे. तुमाले तेच इचारायचं होतं नं?"

"नाही, नाही. तसं काही नाही," खुशालराव म्हणे.

"मी गोपालची कोणी लागत नाही. तो माह्या पोराचा दोस्त हाय. सैपाक माह्या घरचा हाय, लुंगेच्या घरचा नाही. आवडला का?"

"हो, हो. उत्तम झाला."

"मंग जेवा सावकाश."

खुशालरावांचा हात ताटातच होता. तिसऱ्या रोडग्यावर तूप पांढरं व्हाले लागलं तरी तो उचलला नाही. त्याइच्या लहान साळ्यानं एक घास घेतला, मंग बाकीच्याइकडे पाह्यलं अन् तोही थांबला. थोड्या वेळानं चौघेही उठले, हात धुतले. जाता जाता खुशालराव गोपालले म्हणे, साक्षगंधाचं घरी इचारून कळवतो. जेवणाचे पैसे माह्या हातात दिले, बिलाची खालची ओळ वाचली नाही. गाडी गेली.

गोपाल खुर्चीत बसला. तोंड पाडून म्हणे, "काकू, कशाले सांगतलं? सांभाळलं असतं मी."

माय गल्ल्याजवळ आली. मले वाटलं आता ती रडन, अन् ती रडली असती तं त्या दिवशी माह्या हातून काही वाईट झालं असतं. ती रडली नाही. ती म्हणे, "गोपाल, शुक्रवारच्या डब्याचं काय करते रे तू?"

"घरी नेतो, काकू."

"खाते कोण?"

त्यानं पुन्हा बडीशेपची वाटी धरली. माय थांबून राह्यली. तिले घाई नव्हती. शुभम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता, बिचाऱ्याले जागा असती तं तो आतच शिरला असता.

"वावरातल्या गड्याले देतो," गोपाल शेवटी म्हणे. "आईचं तुमाले माहीत हाय. जुनं माणूस. तिले मी समजावू शकत नाही."

"नऊ वर्षं?"

"हो."

"नऊ वर्षं तू मले सांगत आला का आईले लय आवडलं. मी दोन रोडगे जास्त टाकत आली." मंग ती म्हणे, "तिच्या गुडघ्यासाठी मी तुह्या हाती तेल पाठवलं होतं, गोपाल."

गोपालच्या डोळ्याले पाणी आलं. मले त्याची काडीची दया आली नाही. आजही येत नाही.

"गड्याचं नाव काय?" मायनं इचारलं.

"श्रावण."

"शुक्रवारी त्याले इकडे पाठव. अन् आजपासून मले काकू म्हणू नको. लोक इचारतीन तं डोंगरदिवेबाई म्हण. जमत नसन तं आत्ताच सांग, मी अन् स्वप्निल आमची भांडी उचलतो. आता बस त्या मशीनपुढं अन् पुरं नाव लिव. तूच काढलं, तूच लिव."

गोपाल बसला. पहिल्या वेळेले चुकलं, ते पुसून त्यानं पुन्हा लिवलं. बिल काढून पाह्यलं. मायनं बोट ठेवत ठेवत वाचलं, पहिल्या दिवशीसारखंच, अन् या वेळेले ते चष्म्याच्या डबीत ठेवलं नाही. गोपालच्या शर्टाच्या खिशात घातलं. "हे तुह्या आईले दाखव," ती म्हणे, अन् आत गेली.

शुभमच्या कागदावर आमी दोघांनी सह्या केल्या. खुशालरावांचा फोन आला नाही. अकोल्याच्या हॉटेलाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. गोपालसंगं मी कामापुरतं बोलतो. तो मायले बाई म्हणते. दोनदा त्याच्या तोंडून 'काकू' निघता निघता राह्यलं, ते मी ऐकलं.

शुक्रवारी श्रावण आला. पन्नाशीचा माणूस, धुतलेला सदरा घालून. दारातच चपला काढून उभा राह्यला. मायनं त्याले सहा नंबरच्या टेबलावर बसवलं अन् गोपालले सांगतलं, वाढ. गोपालनं वाढलं. श्रावण मान खाली घालून जेवला, तीन रोडगे खाल्ले. मायनं त्याले इचारलं, कसं झालं.

"बाई," तो म्हणे, "नऊ वर्षं तुमच्या हातचं खाऊन राह्यलो. गरम आज भेटलं."